दोन स्वल्पविरामांमधली जागा

आमचे सर हजेरी घेताना गैरहजर मुलाच्या नावापाशी थांबायचे. नाव पुकारायचे, उत्तर आलं नाही की चष्म्यावरून त्याच्या बाकाकडे बघत राहायचे आणि मग वर्गाला विचारायचे, "कुठी हाय तो?" कुणी म्हणायचं ताप आलाय, कुणी म्हणायचं बस चुकली. कुणालाच काही ठाऊक नसलं, तर दुपारच्या सुट्टीत सर त्याच्या घरी फोन लावायचे. "तुमचा पोरगा आज दिसला नाई जी. तब्येत बरी हाय ना?" एवढंच. रागावणं नाही, काही नाही. पण घरी फोन आला म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पोरगा हजर व्हायचा.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात सर आम्हाला सी भाषा शिकवायचे. वर्गात वडशाच्या राइस मिलवाल्यांची मुलं होती, आमच्या नागभीडकडची धानवाल्यांची होती आणि थेट आतल्या जंगलातून, आश्रमशाळेत शिकून आलेलीही होती. पहिल्या महिन्यात निम्म्या वर्गाला कॉम्प्युटरची भीती वाटायची आणि उरलेल्या निम्म्याला सरांची. उंच, हडकुळे, बाराही महिने हातात काळी छत्री. शर्टाच्या खिशात लाल खडू ठेवायची सवय, त्यामुळे प्रत्येक शर्टाचा खिसा गुलाबी झालेला.

सर झाडी बोलीत शिकवायचे. प्राचार्यांनी एकदा आडून सुचवलं की व्याख्यानाची भाषा जरा प्रमाण असावी. सर म्हणाले, "कंपाइलरले झाडी समजत नाई जी, पण पोराइले समजते." तो विषय तिथेच मिटला.

'वगैरे' या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. जर्नलमध्ये कुणी 'नाव, पत्ता वगैरे' असं लिहिलं की त्या शब्दाभोवती लाल गोल पडायचा आणि बाजूला प्रश्न, 'म्हणजे काय काय?' एका मुलानं चिडून विचारलं, "सर, वगैरेनं काय बिघडते?" सरांनी शांतपणे त्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. "तुझ्या आईनं डब्यात भात, वरण वगैरे ठेवलं असं सांगतलं आन् उघडल्यावर त्यात वगैरेच निघालं तं चालन का तुले?"

सरांचा सर्वांत लाडका धडा होता ओळ तोडायचा. सी भाषेला शब्द कळत नाही. तिला दिसतात ती एकापुढे एक उभी असलेली अक्षरं. ओळ कुठे संपली, हेसुद्धा शेवटी एक शून्य ठेवून तिला सांगावं लागतं. मग स्वल्पविराम घालून लिहिलेली ओळ, म्हणजे नाव, गाव, वय अशी, वाचायची कशी आणि तिचे तुकडे सुटे करायचे कसे? हा धडा सर फळ्यावर शिकवत नसत. सगळ्यांना मैदानात काढायचे.

मैदानात आम्हाला एका रांगेत उभं करायचे. प्रत्येकाच्या हातात एक अक्षर लिहिलेला कागद. ज्यांच्याकडे छत्र्या होत्या त्यांनी त्या उघडून धरायच्या, ते स्वल्पविराम. रांगेतला शेवटचा खाली बसायचा, तो शून्य. सर स्वतः रांगेच्या पहिल्या टोकापासून एकेका मुलासमोर थांबत पुढे सरकायचे आणि छत्री आली की मोठ्यानं ओरडायचे, "तोड!" ऑफिसातले कारकून खिडकीत येऊन बघायचे. लख्ख ऊन, उघड्या छत्र्या आणि त्यांच्यापुढे ओरडत फिरणारा एक मास्तर.

एकदा त्यांनी दोन छत्रीवाल्यांना मुद्दाम शेजारी उभं केलं. त्यातली एक मी होते, दुसरी सुनीता. सुनीता माझ्या खोलीतली मैत्रीण, भामरागडच्या बाजूची, घरी गोंडी बोलणारी. सर आमच्यासमोर आले.

"ह्या दोघीइच्या मधात कोण हाय?"

"कोणीच नाई, सर," सगळे म्हणाले.

"कोणीच नाई, हे बरोबर. पण जागा हाय का नाई?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमचे खांदे चिकटलेले होते.

"जागा हाय," सर म्हणाले. "तिथी काहीतरी लिहायचं होतं आन् लिहिलं नाई. ते का लिहिलं नाई ते मले माहीत नाई. पण जागा हाय. सी भाषेत स्ट्रटोक नावाचं एक फंक्शन हाय. ते ओळ तोडून देते. पण दोन स्वल्पविराम लागून आले, तं ते त्याइले एकच समजते आन् मधातली जागा गिळून टाकते. मंग मागचा माणूस पुढं सरकते आन् दुसऱ्याच्या नावावर बसते."

पुस्तकात ही गोष्ट तळटिपेत होती. सरांनी आम्हाला ती उन्हात, खांद्याला खांदा लावून शिकवली. तरी ती आम्हाला पटायला वेळ लागला.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मी कॉलेज सोडल्यातच जमा होते. आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला होता, बाबांची कंबर धरलेली, माणसं मिळत नव्हती. मी घरी आले ती परत गेलेच नाही. मनात म्हटलं, झालं शिक्षण. आठवडा गेला, दुसरा लागला. फोन पाण्यात पडून बंद झाला होता. एका सकाळी आम्ही बांधीतल्या चिखलात वाकून धान लावत होतो आणि कडेच्या धुऱ्यावरून कुणीतरी काळी छत्री घेऊन चिखल चुकवत येताना दिसलं.

"अवो माय, हा कोण व?" शेजारची बाई म्हणाली.

सर होते. सकाळच्या गाडीनं नागभीडला उतरले होते आणि तिथून विचारत विचारत आले होते. बाबा ओशाळले. हात धूत म्हणाले, "सर, तुमी काऊन त्रास घेतला जी? घरी चाला, चहा घ्या."

"चहा घेतो. पोरगी काऊन येऊन नाई राह्यली ते सांगा पह्यले."

"माणसं भेटून नाई राह्यले. रोवणा झाल्याबिगर कशी पाठवू?"

सरांनी बांधीकडे बघितलं. किती उरलं ते विचारलं. मग बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, छत्री मिटून धुऱ्यावर आडवी ठेवली आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले. बाबा नको नको म्हणत राहिले. सरांनी रोपांची जुडी हातात घेतली आणि लावायला लागले. त्यांची ओळ इतकी वाकडी गेली, की बाया हसून हसून बांधीत बसायच्या बाकी राहिल्या. "मास्तर, धान लावून राह्यले का साप काढून राह्यले?" एकीनं विचारलं. सरही हसले. पण दुपारपर्यंत वाकून राहिले. जेवताना त्यांना ताट धड धरता येत नव्हतं.

निघताना ते बाबांना म्हणाले, "माह्या वर्गात तिची जागा हाय. तिथी मी दुसऱ्या कोणाले बसवत नाई. पण रिकामी पाहून मले शिकवता येत नाई जी."

रोवणा संपल्यावर बाबांनीच मला नागभीडला आणून गाडीत बसवलं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टची निवड करायची होती. सुनीता माझ्याबरोबर होती. तिच्या गावाच्या अलीकडे एक नाला आहे, त्यावर रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका फरशी पूल. पावसाळ्यात पाणी रपट्यावरून वाहायला लागलं की गाव तुटायचं. पाणी उतरलं की लोक अंदाजानं पार व्हायचे. असाच अंदाज करून तिचा काका सायकल घेऊन निघाला होता. सायकल पुढे बाभळीत अडकलेली सापडली. काका बराच खाली सापडला.

हे तिनं सरांना एकदाच सांगितलं, खाली बघत. सर म्हणाले, "मंग दुसरा प्रोजेक्ट कायले शोधून राह्यल्या?"

आम्ही दोन पेट्या बनवल्या. एक नाल्यात खांबावर बसायची, ती ठरावीक वेळानं एक ओळ पाठवायची. पेटीचं नाव, नाल्यातलं पाणी किती सेंटिमीटर, पाऊस किती मिलिमीटर, बॅटरी किती. सगळं स्वल्पविरामानं तोडलेलं. दुसरी पेटी गावात. ती ओळ वाचायची आणि दिवा लावायची. पाणी कमी तर हिरवा, जास्त तर लाल. कॉलेजच्या टाकीत आम्ही तो खांब बुडवून बघितला, वर काढून बघितला. दिवे अचूक बदलायचे. आम्ही चंद्रपूरच्या एका स्पर्धेत नाव दिलं. मोठमोठ्या कॉलेजांची मुलं यायची होती. आमच्या तंत्रनिकेतनातून तिथपर्यंत आजवर कुणी पोचलं नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही सभागृहात टेबल लावत होतो. पाण्याची बादली, खांब, दिवे. सुनीतानं आईनं दिलेलं नवं लुगडं टेबलावर अंथरलं होतं. सर आले, सगळं बघितलं, छान म्हणाले. आणि मग वाकून त्यांनी पाणी मोजणाऱ्या सेन्सरची तार उपटली.

आम्ही दिव्याकडे बघितलं. पाण्याचा आकडा येत नव्हता, तरी दिवा हिरवाच होता.

सरांनी छोट्या स्क्रीनवरची ओळ आम्हाला दाखवली. पाण्याच्या जागी काहीच नव्हतं, दोन स्वल्पविराम लागून आले होते. स्ट्रटोकनं ती जागा गिळली होती आणि पावसाचा आकडा पाण्याच्या जागी येऊन बसला होता. सभागृहात पाऊस कुठला, तो आकडा शून्य, म्हणून प्रोग्रामला पाणी थोडं वाटलं.

"आपून उद्या बसत नाई इथी," सर म्हणाले. "सामान आवरा."

सुनीताला ते खरंच वाटेना. "सर, परीक्षक थोडीच तार उपटणार हायत?"

"परीक्षक नाई उपटत. नाला उपटते."

"रातभर बसून दुरुस्त करतो ना, सर!"

"दुरुस्त करता. पण घाईनं केलेलं मले पाहाले वेळ नाई भेटत. दिवा हाय पोरी, शोभेचा नाई."

सुनीतानं लुगड्याची घडी केली. सकाळी परतीच्या बसमध्ये ती सरांच्या पुढच्या सीटवर बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मलाही सरांचा फार राग आला होता. इतक्या जणांना आता आम्हाला तोंड दाखवावं लागणार होतं. वाटेतल्या मूल गावच्या स्टँडवर सरांनी गरम भजी घेतली आणि पुडा आमच्याकडे सरकवला. कुणी हात लावला नाही.

मूल सोडून बस जंगलात शिरली तेव्हा सुनीता मागे न बघता म्हणाली, "तिसरा दिवा लावू. पिवळा."

"कायचा?" सरांनी विचारलं.

"माहीत नाई, याचा. पाण्याचा आकडाच आला नाई तं हिरवा बी नाई, लाल बी नाई. आमाले माहीत नाई, म्हणून पिवळा."

सर चालत्या बसमध्ये उठून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "स्टॉप नाई जी इथी." सर म्हणाले, "मले उतराचं नाई, मले आनंद झाला." सुनीतानं तोंड फिरवलं ते हसू लपवायला, आणि मग तिनंच भज्यांचा पुडा उघडला.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही ओळ हातानं तोडायला शिकत होतो. स्ट्रटोक काढून टाकलं. एकेक अक्षर बघत पुढे जायचं, स्वल्पविराम आला की आधीचा तुकडा बाजूला ठेवायचा, तुकडा रिकामा असला तर रिकामा म्हणूनच ठेवायचा. सर रोज खराब ओळी आणायचे. अर्ध्यात तुटलेल्या, स्वल्पविरामानंच सुरू होणाऱ्या, आकड्याच्या जागी भलतंच काही असलेल्या. प्रोग्राम बंद पडला की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. "पडला! इथी पडला ते बरं झालं."

निकाल लागल्यावर पावसाळ्यात आम्ही तिघं सुनीताच्या गावी गेलो. सरांनी त्यासाठी रजा टाकली होती. रपट्याच्या वरच्या अंगाला खांब रोवला, दिव्यांची पेटी अंगणवाडीच्या भिंतीवर लावली. गावातले लोक येताजाता तिच्याकडे बघायचे. हिरवा असला की पार व्हायचे, लाल असला की थांबायचे.

आमचा मुक्काम गावात असतानाच एकदा रात्रभर पाऊस पडला. सकाळी उघडीप होती, पण दिवा पिवळा होता. आम्ही पेटीजवळ उभ्या होतो तोच सुनीताच्या शेजारची मैनी नावाची बाई खाटेवरून आणली. तिचं पहिलंच बाळंतपण होतं, पहाटेपासून कळा येत होत्या आणि गावची आरोग्य स्वयंसेविका आशाताई म्हणत होती की आता दवाखान्यात न्यायलाच हवं. अँब्युलन्स नाल्यापलीकडे येऊन उभी राहणार होती. गावातल्या एका माणसाची जीप होती. तो नाल्यावर जाऊन पाणी बघून आला होता.

"पाणी उतरलं जी," तो सरांना म्हणाला. "गुडघाभर बी नाई दिसत. काढतो गाडी."

सरांनी पेटीवरची ओळ बघितली. मीही बघितली. दोन स्वल्पविराम लागून, त्यापुढे पावसाचा आकडा, अडतीस. आमचा जुना प्रोग्राम असता तर त्यानं नाल्यात अडतीस सेंटिमीटर पाणी आहे असं मानून हिरवा दिवा लावला असता.

"पाणी किती हाय ते पेटीले माहीत नाई," सर म्हणाले. "पिवळा म्हणजे एवढंच."

"मंग तिचा उपयोग काय?" जीपवाला कावला होता. मैनीचा नवरा एकदा सरांकडे, एकदा जीपकडे बघत होता. मैनी कण्हत होती.

सरांनी पुन्हा ती ओळ बघितली, मग मैनीकडे बघितलं. नको म्हणावं तर बाई अडकते, जा म्हणावं तर...

सुनीता पुढे झाली. ती गोंडीत बोलली, मोठ्यानं, हात हलवत. काय बोलली ते मला शब्दशः समजलं नाही, पण माणसं हलली. कुणी बांबू आणले, कुणी दोर. जीप मागे राहिली आणि गावातले गडी कमरेला दोर बांधून, बांबूनं ठोकत रपट्यावर उतरले. पाणी खरंच गुडघ्याखाली होतं. गढूळ, संथ. ते मध्यापर्यंत गेले. मग पुढच्या माणसाचा बांबू पाण्यात जो गेला तो जातच राहिला. तो ओरडला आणि मागच्यांनी दोर ओढला.

रपट्याचा मधला भाग रात्री वाहून गेला होता. वरून काही दिसत नव्हतं.

जीपवाल्यानं हातातली किल्ली खिशात टाकली. मैनीच्या नवऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग सगळं झपाट्यानं झालं. वरच्या अंगाला, जिथे नाला रुंद आणि शांत होता, तिथे डोंगा होता, लाकडाची होडी. मैनीला खाटेसकट चिखलाच्या वाटेनं तिकडे नेलं. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. सर खाटेच्या बाजूनं घसरत, धडपडत, तिच्या तोंडावर छत्री धरून चालत होते. स्वतः नखशिखांत भिजले होते. डोंगा पलीकडे लागला, अँब्युलन्सवाले धावत आले आणि गाडी गेली.

आम्ही अंगणवाडीच्या पायरीवर बसून राहिलो. दुपारी आशाताईचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले, "चहा सांगा कोणीतरी. साखर जास्त."

पाणी उतरल्यावर जीपवाला स्वतः सरांना घेऊन खांबाकडे गेला. सेन्सरला झाडाच्या फांद्या आणि कुणाचं तरी फाटकं पोतं गुंडाळलं होतं. दोघांनी मिळून ते सोडवलं. जीपवाला म्हणाला, "मास्तर, मी सकाळी वाकडं बोललो." सर म्हणाले, "तू बरोबरच इचारलं. मले बी तेव्हा माहीत नव्हतं."

आता सुनीता अशाच कामात आहे, कितीतरी नाल्यांवर तिच्या पेट्या आहेत. मी नागपूरला प्रोग्राम लिहिते. सर निवृत्त होऊन वडशाला राहतात. हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की कुठल्या गावात कोणतं नाटक आहे ते सांगायला न चुकता फोन करतात.

मागच्या पावसाळ्यात सुनीताचा फोन आला. तिच्या गावच्या नाल्यावर पूल झाला होता, चांगला उंच. भिंतीवरची पेटी लोकांनी उतरवून ठेवली होती. सरांना कसं सांगावं, हे तिला कळत नव्हतं. मीच सांगितलं. सर इतके मोठ्यानं हसले, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "कामच नाई उरलं तिले! यापेक्षा चांगलं काय पाह्यजे गा? चाल, मले तो पूल पाहाचा हाय."

आम्ही तिघं गेलो. खालून नाला भरून वाहत होता आणि वरून माणसं, सायकली, शाळेची मुलं बिनघोर जात होती. सर कठड्याला हात लावत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, मग परत आले. त्यांचे गुडघे आता दुखतात, पण तसं दाखवलं नाही. सुनीतानं पेटी पिशवीत बांधून आणली होती, सरांना घरी न्यायला. आठवण म्हणून.

सरांनी पिशवी उघडली, दिवे पेटवून बघितले. तिन्ही चालू होते.

"घरी कायले नेऊ?" ते म्हणाले. "अजून कोणता नाला हाय इकडं, ज्याच्यावर पूल नाई?"

सुनीतानं डोंगराकडे हात केला. तिकडे एक पाडा होता, जिथली माणसं अजून रपट्यावरूनच ये-जा करायची. जीप गेली असती, पण सर पायीच निघाले. सुनीता त्यांना त्या नाल्याचं गोंडी नाव शिकवत होती. सरांना ते नीट म्हणता येत नव्हतं. ती हसून सुधारायची, ते परत म्हणायचे, परत चुकायचे, आणि पेटी काखेत मारून वाट चढत जायचे.